बेसबॉल ड्राफ्टची पहिली फेरी कशी ओळखावी: आधी हिशेब, मग खेळाडू

२०२५च्या मेजर लीग बेसबॉल (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सगळ्यांत मोठा बोनस (करार करताना मिळणारी रक्कम) पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला मिळालाच नाही. वॉशिंग्टन नॅशनल्सने पहिला घेतलेल्या ईलाय विलिट्सला ८२ लाख डॉलर मिळाले. कोलोरॅडो रॉकीजने चौथा घेतलेल्या ईथन हॉलिडेला मात्र ९० लाख. आदल्या वर्षीही तसंच झालं होतं. पहिला आलेला ट्रॅव्हिस बझाना ८९.५ लाखांवर थांबला, तर दुसरा चेस बर्न्स आणि तिसरा चार्ली काँडन प्रत्येकी ९२.५ लाख घेऊन गेले.

हे असं का होतं ते कळलं की मॉक ड्राफ्ट, म्हणजे पहिल्या फेरीचा आगाऊ अंदाज, बांधणं बरंच सोपं जातं. चांगल्या खेळाडूंची क्रमवारी कुठेही तयार मिळते. अवघड आहे ते कोणता संघ, कुणाला, किती पैशांत घेईल हे ओळखणं. नवखा माणूस क्रमवारी वरून खाली उतरवून काढतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या निवडीलाच तोंडावर आपटतो.

आयपीएलच्या लिलावाची सवय असेल तर एक गोष्ट आधीच डोक्यातून काढा. इथे बोली लागत नाही. संघ ठरलेल्या क्रमाने नाव घेतात आणि ते नाव घेतलं की त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क फक्त त्या संघाचा. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको इथले खेळाडूच ड्राफ्टमध्ये असतात. शाळा संपवलेली मुलं, चार वर्षांच्या कॉलेजात तीन वर्षं झालेली किंवा २१ वर्षांची झालेली, आणि ज्युनिअर कॉलेजची मुलं, एवढेच पात्र.

पहिला कागद: क्रम आणि रक्कम

डिसेंबरमधल्या विंटर मीटिंग्जमध्ये (संघांच्या वार्षिक बैठकांत) लॉटरी निघते तेव्हाच हा कागद सुरू करा. २०२३च्या ड्राफ्टपासून पहिले सहा क्रमांक लॉटरीने ठरतात. प्लेऑफला न पोहोचलेले १८ संघ त्यात असतात आणि तळाच्या तिघांना प्रत्येकी १६.५ टक्के संधी असते. म्हणून सर्वांत वाईट संघ पहिला, असं गृहीत धरू नका. २०२४ला क्लीव्हलँड गार्डियन्सला पहिल्या क्रमांकाची जेमतेम २ टक्के संधी होती, निघाला तोच.

यात दोन खाचा आहेत. महसूल वाटपात (श्रीमंत संघांचं उत्पन्न इतरांत वाटायची लीगची व्यवस्था) पैसे देणाऱ्या संघाला सलग दुसऱ्या वर्षी आणि घेणाऱ्या संघाला सलग तिसऱ्या वर्षी लॉटरीतली निवड मिळत नाही. २०२४च्या हंगामात १२१ सामने हरलेल्या शिकागो व्हाइट सॉक्सला याच नियमामुळे २०२५ला थेट दहाव्या क्रमांकावर बसावं लागलं. दुसरी खाच श्रीमंतांसाठी. पगाराची मर्यादा फार ओलांडली की पहिली निवड दहा जागा खाली जाते. २०२५ला मेट्स, यँकीज आणि डॉजर्स ३८, ३९ आणि ४० वर होते, त्यामुळे खरी पहिली फेरी २७ निवडींतच आटोपली. तेव्हा ३० नावांचा साचा आधी आखून ठेवू नका, त्या वर्षीचा आकडा बघा.

आता प्रत्येक क्रमांकापुढे त्याचं स्लॉट मूल्य, म्हणजे लीगने त्या क्रमांकासाठी ठरवलेली बोनसची रक्कम, लिहा. २०२५ला पहिल्याचं १ कोटी १० लाख ७५ हजार ९०० डॉलर होतं आणि दुसऱ्याचं १ कोटी २ लाख ५२ हजार ७००. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या संघाच्या सगळ्या स्लॉटची बेरीज म्हणजे त्याचा बोनस पूल. पूल ओलांडला की जादा रकमेवर ७५ टक्के कर. ५ टक्क्यांच्या वर गेलं की पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवडच जाते, आणि तिथवर आजपर्यंत कुणी गेलेलं नाही. म्हणून संघाची खरी खर्चमर्यादा म्हणजे पूल अधिक ५ टक्के. उदाहरण घ्या: २०२५ला बाल्टिमोर ओरिओल्सचा पूल सर्वांत मोठा होता, १ कोटी ९१ लाख ४४ हजार ५००. त्याचे ५ टक्के ९ लाख ५७ हजार २२५. म्हणजे ओरिओल्सचा हात २ कोटी १ लाखापर्यंत पोहोचत होता. ही बेरीज प्रत्येक संघासाठी करा. तासाभराचं काम आहे, पण पुढचे सगळे अंदाज याच आकड्यांवर उभे राहतात.

पैसे कुठे वाचवले आणि कुठे घातले

स्लॉट हा दर आहे, पगारपत्रक नव्हे. संघ पहिल्या निवडीवर वाचवतो आणि ती रक्कम मागच्या फेऱ्यांत, कॉलेजला जायला निघालेल्या महागड्या शाळकरी मुलावर लावतो. बोनस पूलच्या पहिल्याच वर्षी, २०१२ला, ह्यूस्टन ॲस्ट्रोसने ७२ लाखांच्या स्लॉटवर कार्लोस कोरेयाला ४८ लाखांत घेतलं. वाचलेल्या २४ लाखांतून ४१व्या क्रमांकावर लान्स मॅककलर्स ज्युनिअरला २५ लाख देता आले. २०२१ला पिट्सबर्ग पायरेट्सनेही तेच केलं. पहिला हेन्री डेव्हिस ६५ लाखांत, म्हणजे स्लॉटपेक्षा १९ लाखांनी स्वस्त. मग तिसऱ्या फेरीत बब्बा चँडलरला ३० लाख.

संघ वाचवायला निघालाय हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. त्याच्याकडे ३० ते ७५ या टापूत एकाहून जास्त निवडी असतात, आणि त्या वर्षी वरच्या पाच-सहा खेळाडूंत फारसा फरक नसतो. दोन्ही जुळलं की पहिल्या नावाऐवजी तिसऱ्या-चौथ्या नावावर पैज लावा.

वाचवण्यालाही तळ असतो. अग्रक्रमाच्या यादीतला खेळाडू ड्राफ्टपूर्व वैद्यकीय तपासणीत सामील झाला असेल, तर त्याला निवडणाऱ्या संघाने स्लॉटच्या निदान ७५ टक्के रक्कम देऊ करायचीच असते. २०२५ला एंजल्सने दुसऱ्या क्रमांकावर टायलर ब्रेम्नरला घेतलं तेव्हा प्रक्षेपण बघणारे चाट पडले, कारण बहुतेक क्रमवाऱ्यांत तो पहिल्या पाचातही नव्हता. त्याचा करार झाला ७६ लाख ८९ हजार ५२५ डॉलरला. वर दिलेला दुसरा स्लॉट घ्या आणि ०.७५ ने गुणून बघा. शेवटच्या डॉलरपर्यंत तोच आकडा येतो.

दुसरा कागद: साठ खेळाडू

तीस जागांसाठी तीस नावं ठेवली तर दहाव्या निवडीनंतर कागद कोरा पडतो. साठ ठेवा. प्रत्येकापुढे ड्राफ्टच्या दिवशीचं वय (वर्षं आणि महिने), शाळा की कॉलेज, मैदानावरची जागा, डावा-उजवा, दुखापती आणि अपेक्षित किंमत.

वयाचा रकाना लोक रिकामा सोडतात आणि तिथेच फसतात. विलिट्स ड्राफ्टच्या दिवशी १७ वर्षं ७ महिन्यांचा होता, आणि आकडेमोड करणाऱ्या संघांना हेच आवडतं. उलट शाळेतला मुलगा १९ पार केलेला असेल, तर त्याच्या नावाशेजारी उणे चिन्ह टाका. तो दोन वर्षांनी लहान मुलांसमोर खेळतोय.

कॉलेजच्या फलंदाजाची सरासरी आणि होमरन बघून भुलू नका. कॉलेजात धातूची बॅट असते. चेंडू बॅटवरून सुटतानाचा वेग, स्ट्राइक झोनबाहेरच्या (मारण्याजोग्या पट्ट्याबाहेरच्या) चेंडूंवर बॅट फिरवण्याचं प्रमाण, वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळालेला बेस) आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) यांचं नातं, हे तीन बघा. मॅसॅच्युसेट्समधली केप कॉड लीग उन्हाळ्यात लाकडी बॅटने खेळली जाते. तिथे कोसळलेला फलंदाज वसंतात, कॉलेजच्या हंगामात, कितीही तळपला तरी काही संघांच्या मनातली पाल चुकचुकतच राहते. कोणत्या कॉन्फरन्सविरुद्ध (कॉलेज संघांच्या गटाविरुद्ध) धावा काढल्या हेही लिहा. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये शनिवारी समोर येणारा पिचर (चेंडू टाकणारा) आणि दुबळ्या कॉन्फरन्समधला बुधवारचा पिचर यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

जागेचाही भाव असतो. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), सेंटरफिल्डर आणि कॉलेजचा कॅचर (क्रिकेटच्या यष्टीरक्षकासारखा) वर सरकतात. उजव्या हाताने मारणारा पहिल्या बेसचा खेळाडू खाली घसरतो. शाळेतला उजवा पिचर सगळ्यांत धोक्याचा समजतात. १९६५पासूनच्या इतिहासात असा मुलगा एकदाही पहिल्या क्रमांकावर गेलेला नाही. २०२५ला सेथ हर्नांडेझ सहावा गेला, पण पहिल्या दोनांत अशा पिचरचं नाव टाकायचं तर कारण भक्कम हवं.

किंमत ठरते ती नाही म्हणण्याच्या ताकदीवर. शाळकरी मुलाला कॉलेजची वाट मोकळी असते, कॉलेजात दुसऱ्याच वर्षी पात्र ठरलेल्याला परत जाता येतं. दोघे महाग. चौथं वर्ष संपवलेला खेळाडू स्वस्त, त्याला जायला जागाच नसते.

तिसरा कागद: संघांची खोड

गेल्या पाच वर्षांतल्या पहिल्या फेरीच्या निवडी प्रत्येक संघापुढे लिहा. काही ठिकाणी नमुना लगेच डोळ्यांत भरतो. एंजल्स कॉलेजचा, लवकर वर, म्हणजे मेजर लीगमध्ये, पोहोचेल असा खेळाडू घेतात: डेटमर्स, बॅकमन, नेटो, शॅन्युएल, मूर, ब्रेम्नर. शॅन्युएल तर २०२३च्या जुलैत निवडला गेला आणि ऑगस्टमध्ये मेजर लीगमध्ये खेळत होता. २०२१ला तर त्यांनी वीसच्या वीस निवडी पिचरवर खर्च केल्या! ओरिओल्सचा कल कॉलेजच्या फलंदाजांकडे: रचमन, कियरस्टाड, काउझर, ब्रॅडफील्ड, हनीकट. अपवाद २०२२चा जॅक्सन हॉलिडे, तो शाळेतला होता. २०२५ला १९, ३० आणि ३१ अशा तिन्ही क्रमांकांवर त्यांनी कॉलेजचे फलंदाज घेतले, त्यांतले दोघे कॅचर.

संघात आज कोणती जागा रिकामी आहे हे बघून नाव टाकणं ही सगळ्यांत जुनी चूक. शाळेतून आलेल्या मुलाला वर पोहोचायला तीन-चार वर्षं सहज लागतात. तोवर ती जागा तीनदा भरून रिकामी झालेली असते.

निर्णय घेणारा माणूस बदलला तर खोडींचा कागद अर्धा बाद. नॅशनल्सने ६ जुलै २०२५ला जनरल मॅनेजर माइक रिझोला काढलं आणि १३ जुलैला त्यांची पहिली निवड होती. अशा संघापुढे एकच नाव पेनने लिहू नका. पेन्सिलने दोन लिहा.

झाड बांधा

आता तिन्ही कागद जोडायचे. सरळ यादी न करता पहिल्या पाच क्रमांकांच्या फांद्या काढा. २०२५चंच बघू. हॉलिडेला ९० लाखांच्या आसपास हवेत असं धरलं, तर नॅशनल्सपुढे दोन वाटा. त्यांनी विलिट्सला घेऊन पैसे वाचवले, तर दुसरे एंजल्स. ते कॉलेजवाले, म्हणून ब्रेम्नर किंवा लुईझियाना स्टेटचा डावा पिचर केड अँडरसन. ब्रेम्नर गेला की तिसऱ्या मरिनर्सपुढे अँडरसन मोकळा. कॉलेज वर्ल्ड सीरिजच्या अंतिम लढतीत पूर्ण सामना एकट्याने पिचिंग करून एकही धाव न देणारा पिचर तिसऱ्या क्रमांकावर मिळतोय, मग विचार कसला? चौथे रॉकीज. स्लॉट ८७ लाख ७० हजार, म्हणजे थोडे पैसे वर घातले की हॉलिडे हातात, आणि त्याचे वडील मॅट हॉलिडे याच संघाकडून खेळलेले. पहिली फांदी बदलली की खालचं सगळं हलतं, म्हणून प्रत्येक फांदीला टक्के द्या. नंतर सर्वांत जास्त टक्क्यांची वाट उतरवा. सहाव्यापुढे झाड वाढवू नका, पसारा आवरत नाही. तिथून प्रत्येक संघापुढे तीन नावं आणि उरलेल्यांतून वरचं घ्यायचं.

शेवटचे दहा दिवस

जूनमधल्या ड्राफ्ट कंबाइननंतर (खेळाडूंच्या चाचण्यांच्या शिबिरानंतर) बातम्यांचा पूर येतो. प्रत्येक बातमीवर एकच प्रश्न विचारा: ही पसरल्याने कुणाचा फायदा? पहिल्या क्रमांकाचा संघ मुद्दाम तीन-चार नावं हवेत ठेवतो, म्हणजे प्रत्येक एजंटला वाटावं की दुसरा कमी पैशांत तयार आहे. एजंट उलट बाजूने आवडत्या संघाकडे ढकलण्यासाठी आकडा फुगवून सांगतो. तुमच्या कागदांवरच्या पैशांशी आणि खोडीशी जुळणारी बातमी तेवढी धरा.

वैद्यकीय बातमी मात्र कधीच दुर्लक्षू नका. २०१४ला पहिला निवडलेल्या ब्रेडी एकेनच्या कोपराच्या स्नायुबंधाबद्दल शंका आली, ॲस्ट्रोसने रक्कम कमी केली, करार मोडला. भरपाई म्हणून २०१५ला मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी ॲलेक्स ब्रेगमन घेतला. आईकडून भारतीय वंशाचा असलेला कुमार रॉकर २०२१ला मेट्सने दहावा घेतला, पण तपासणीनंतर करार झाला नाही. पुढच्याच वर्षी टेक्सास रेंजर्सने त्याला तिसरा निवडला, ५२ लाखांत, आणि उरलेल्या पैशांतून चौथ्या फेरीत ब्रॉक पोर्टरला ३७ लाख दिले. त्या रात्री बहुतेक मॉक ड्राफ्ट तिसऱ्याच निवडीला कोसळले.

भारतात बसून थेट बघायचं तर गजर लावून झोपा. २०२५ला अटलांटात संध्याकाळी ६ वाजता सुरुवात झाली तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते. अंतिम यादी त्याआधी बंद करा, त्यानंतरचा बदल मोजायचा नाही. गुण असे द्या: संघ आणि खेळाडू दोन्ही बरोबर, ५. खेळाडू दोन जागांच्या आत, २. नुसता पहिल्या फेरीत आला, १. सुरुवातीला बहुतेक गुण शेवटच्या रकान्यातून येतील, तसेच ते यायचे.

जुलैअखेर करारांची मुदत संपली की दुसऱ्या कागदावरच्या अपेक्षित किमतीशेजारी खरे बोनस लिहा. जिथे १० लाखांहून जास्त फरक पडला, त्या नावांना लाल खूण करा. २०२६च्या डिसेंबरमध्ये लीग आणि खेळाडू संघटनेचा करार संपतो. त्यानंतर नियम बदलले तर पहिला कागद नव्याने मांडावा लागेल, लाल खुणा मात्र कामाच्याच राहतील.