सोलापूर ते लंडन: अंतर आणि प्रवासाचा वेळ घरच्या घरी कसा काढावा

सोलापूरहून लंडनला थेट विमान नाही. त्यामुळे हिशेबाचे दोन तुकडे पडतात. मुंबईपुढचा तुकडा लांब असला तरी सोपा, म्हणून आधी तोच.

३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. मुंबईपासून लंडनपर्यंत सुती दोरा ताणून धरा (लोकर नको, ती ताणली जाते). दोरा साधारण १७ सेंमी भरतो. या गोलावर १ सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी, म्हणजे अंतर झालं ७,२२५ किमी. एक मिलिमीटर चुकला की बेचाळीस किलोमीटर चुकले. भिंतीवरच्या नकाशावर मात्र पट्टी लावू नका. सपाट नकाशात उत्तरेकडचे देश फुगलेले असतात आणि रेषा भलत्याच वाटेने जाते. दोरा इराण, कॉकेशस, काळा समुद्र असा उत्तरेला वळतो. जवळची वाट तीच.

गोल नसेल तर कॅल्क्युलेटर डिग्रीवर ठेवा. रेडियनवर राहिला तर उत्तर वेडंवाकडं येतं. मुंबईचा अक्षांश १९.१ उत्तर, रेखांश ७२.८७ पूर्व; लंडनच्या हीथ्रो विमानतळाचा ५१.५ उत्तर, ०.४५ पश्चिम. एक पूर्व, एक पश्चिम म्हणून रेखांशांची बेरीज करायची: ७३.३. वजाबाकी करून पुष्कळ जण इथेच फसतात. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.२५६. त्यांच्याच कोसाइनच्या गुणाकाराला ७३.३च्या कोसाइनने गुणलं की ०.१६९. बेरीज ०.४२५, तिचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) ६४.८५ अंश. एका अंशाचे १११.२ किमी, म्हणून त्याला १११.२ने गुणा: सुमारे ७,२१० किमी.

आता वेळ. ताशी ९०० किमीने आठ तास. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांचा अर्धा-पाऊण तास वेगळा. पण उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो समोरून येतो. सरासरी ताशी ८० किमी धरला तर जाताना हवेतले आठ तास पन्नास मिनिटं, येताना सात तास वीस. शिवाय वाट सरळ मिळत नाही: युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२पासून नागरी विमानांना बंद आहे आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. म्हणून जाताना साडेनऊ-दहा तास किंवा थोडे जास्तच धरा.

तिकिटावरच्या वेळांची थेट वजाबाकी करू नका. समजा, जुलैत मुंबईहून दुपारी २ला निघून लंडनला संध्याकाळी ७ला पोहोचायचं आहे. हे पाच तास नव्हेत. लंडनचे ७ म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा, म्हणजे साडेनऊ तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा, एरवी साडेपाच.

राहिला सोलापूर–मुंबई. सरळ रेषेत ३६० किमीच्या आत, रुळांवरून सुमारे ४५५. वंदे भारतने साडेसहा तास, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आठेक. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा. विमानतळ तिथून जवळ. टॅक्सीला दीड-दोन तास ठेवा, विमानाच्या तीन तास आधी हजर राहा. रेल्वेचे ८, टॅक्सीचे २, विमानतळावरचे ३, उड्डाणाचे साडेनऊ आणि हीथ्रोच्या इमिग्रेशनच्या रांगेचा दीड: चोवीस तास.

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून मुंबईचं विमान मिळालं तरी दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) आहेत का ते बघा. वेगवेगळी असली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे सहसा बुडतात, आणि बॅगही मुंबईत स्वतः काढून पुन्हा द्यावी लागते. तेव्हा मध्ये किमान पाच-सहा तास सोडा.