जुन्या गाडीत शिसेविरहित पेट्रोल: हेड उतरवण्याआधी टॅपेट मोजा

जुनी गाडी दारात आली की चार माणसं हमखास सांगतात, ‘शिशाचं पेट्रोल बंद झालंय, आधी हेड उतरवून कडक सीटा बसवून घे.’ (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग; सीट म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह टेकतो ती कडा.) माझं म्हणणं वेगळं आहे. हेडला हात लावण्याआधी टॅपेटचे गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणाऱ्या भागामधली फट, मोजा आणि वहीत लिहून ठेवा. काम करायची गरज आहे की नाही, ते त्या आकड्यांवरूनच कळतं.

पेट्रोलमध्ये शिसं आलं ते नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून इंजिनात होणारी ठकठक, थांबवायला. 1921 मध्ये जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा हा गुण सापडला. दुसरा फायदा आपोआप मिळाला. जळलेल्या शिशाचा बारीक थर एक्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या सीटवर बसायचा, त्यामुळे तापून लाल झालेला व्हॉल्व्ह बिडाच्या सीटला थेट भिडत नसे. हा थर नसला आणि इंजिन जोरात पळत असलं, की दोन्ही धातू बारीक बारीक ठिपक्यांनी एकमेकांना चिकटतात. व्हॉल्व्ह उघडताना सीटचे कण उपटले जातात आणि तेच कण पुढे पॉलिश पेपरसारखे सीट घासत राहतात. व्हॉल्व्ह हेडमध्ये रुतत जातो. तरीही शिसं गेलं ते फार चांगलं झालं. मुलांच्या मेंदूला इजा करणारं ते विष होतं, आणि 2021 मध्ये अल्जीरियात विक्री थांबल्यावर मोटारींसाठी ते जगात कुठल्याच पंपावर उरलं नाही.

आधी हेड कशाचं आहे ते पाहा. अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर त्यात वेगळ्या सीटा मुळातच बसवलेल्या असतात. तिथे सहसा काळजी नसते. प्रश्न आहे तो बिडाच्या हेडचा, ज्यात सीट हेडमध्येच कापलेली असते. तिथेही इनटेक व्हॉल्व्ह येणाऱ्या ताज्या मिश्रणानं थंड राहतात, म्हणून लक्ष एक्झॉस्टवर ठेवायचं.

आता मोजमाप. इंजिन थंड असताना प्लग काढा, म्हणजे ते हातानं सहज फिरतं. (मॅन्युअलमध्ये गरम इंजिनाचा आकडा दिला असेल तर तसंच मोजा.) चार सिलिंडर आणि एका ओळीत आठ व्हॉल्व्ह असलेल्या बऱ्याच जुन्या इंजिनांत नऊचा हिशेब चालतो, म्हणजे उघडलेल्या आणि मोजायच्या व्हॉल्व्हच्या क्रमांकांची बेरीज नऊ: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिला मोजायचा, सहावा उघडला की तिसरा. फिलर गेजची (फट मोजायच्या मापाची) ठरलेल्या जाडीची पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे. आणि मुख्य गोष्ट, गॅप जुळवायच्या आधी आहे तो आकडा लिहा. बहुतेक जण थेट पाना लावतात आणि पुरावा पुसून टाकतात.

नेहमीच्या झिजेनं गॅप वाढतो, टॅपेट टकटक करायला लागतो. सीट खचायला लागली की उलटं होतं. 0.30 मिलिमीटर ठेवलेला गॅप पुढच्या सर्व्हिसिंगला 0.22 निघाला, तोही फक्त एक्झॉस्टवर, तर व्हॉल्व्ह रुततोय असं समजा. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि व्हॉल्व्ह जळतो. म्हणून आवाज बंद झालेल्या टॅपेटकडे मी आधी बघतो.

आकडे स्थिर असतील तर गाडी खुशाल चालवा. लांबच्या रस्त्यावर तासन्‌तास इंजिन ताणू नका; खरी झीज तिथेच होते. तशीच गाडी चालवायची असेल तर शिशाऐवजी टाकायचं अ‍ॅडिटिव्ह वापरा, पण एकच धरून ठेवा. पोटॅशियमचं, मँगेनीजचं असे प्रकार असतात, ते एकमेकांत मिसळू नयेत. पेट्रोल भरायच्या आधी टाकीत ओतलं की नीट मिसळतं.

चढावर नॉकिंग ऐकू आलं तर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घाला, नाहीतर ठिणगीचं टायमिंग एक-दोन अंश मागे घ्या, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल. त्याहून मागे नेऊ नका. ज्वलन उशिरा झालं की एक्झॉस्ट अधिक तापतो, आणि ज्याला जपायचं त्याच व्हॉल्व्हला चटका बसतो.

गॅप प्रत्येक वेळी कमी होत असेल तर मात्र हेड उतरवा. कडक सीटा एक्झॉस्टला पुरेशा असतात. सोबत चांगले व्हॉल्व्ह घाला आणि गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) तपासून घ्या. तुमच्या इंजिनाची हेडं पूर्वी केलेल्या कारागिराकडेच द्या. सीटसाठी कापलेली खाच थोडी खोल गेली तर हेडमधल्या थंड पाण्याच्या पोकळीला (जॅकेटला) भोक पडतं, सैल बसलेली सीट चालत्या इंजिनात निसटते.

माझ्या मते आज शिशापेक्षा पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलची काळजी जास्त करावी. ते जुनं रबर मऊ करतं, पाणी ओढून घेतं, टाकीतला जुना थर सोडवून फिल्टर तुंबवतं. मिश्रणही थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. प्लग पांढरट दिसला तर कार्ब्युरेटर जरा रिच करा, म्हणजे इंधन थोडं वाढवा. पेट्रोलचे सगळे होस इथेनॉलला टिकणारे घाला, अगदी टाकीजवळचा नजरेआडचा तुकडासुद्धा. होस दाबून पाहा: चिकट लागला, फुगला किंवा तडे दिसले तर त्या दिवशी गाडी सुरू करू नका. तो गरम एक्झॉस्टच्या वरूनच गेलेला असू शकतो.