ट्रॅक डेच्या आधी ब्रेक कसे तयार करावेत

ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर वेगाने चालवण्याच्या दिवशी, प्रथमच गाडी नेणारा चालक टायर बदलतो, इंजिन ऑइल बदलतो आणि ब्रेक रोजच्या रस्त्यावर ठीक लागतात म्हणून तसेच ठेवतो. १२०० किलो वजनाची गाडी ताशी १८० किलोमीटरवरून ७२ किलोमीटरवर आणायची, तर सुमारे साडेबारा लाख ज्यूल ऊर्जा काढून घ्यावी लागते. जवळजवळ पावणेचार लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास तेवढी उष्णता पुरते. तिचा बहुतेक भाग काही सेकंदांत डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) आणि तिला घासणाऱ्या पॅडमध्ये शिरतो, आणि हे एकाच फेरीत अनेकदा घडते. रस्त्यावर ब्रेकना दोन वापरांच्या मध्ये थंड होण्यास जो वेळ मिळतो, तो ट्रॅकवर मिळत नाही.

पॅड निम्म्याहून अधिक झिजले असतील तर नवे बसवावेत. रस्त्यावर ते आणखी काही महिने चालले असते, हे ट्रॅकसाठी कारण होत नाही, कारण पॅड पातळ झाला की डिस्कची उष्णता कॅलिपरपर्यंत (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत) लवकर पोहोचते. डिस्कची जाडी मोजून तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहावी, आणि कडेपर्यंत गेलेला तडा दिसल्यास ती डिस्क काढून टाकावी. रबरी होज (ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या) वाकवून पाहावेत. त्यांवर भेगा किंवा फुगवटा असेल तर गाडी नेऊ नये.

आता ब्रेक ऑइल. पेडलाचा दाब चाकांपर्यंत नेणारा हा द्रव हवेतील बाष्प शोषतो आणि पाणी मुरले की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ या मानकात नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. स्पर्धांसाठी बनवलेली काही ऑइले ताजी असताना ३०० अंशांच्या पुढेही टिकतात, पण तीही कालांतराने पाणी शोषतात. म्हणून महागडे पण वर्षभर गाडीत राहिलेले ऑइल भरवशाचे मानू नये; चांगले डॉट ४ ऑइल ट्रॅक डेच्या आठवड्यात ताजे भरणे मला कितीतरी पटीने योग्य वाटते. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळे ऑइल आहे. नावातील साम्यामुळे ते डॉट ४ किंवा ५.१ मध्ये कधीही मिसळू नये.

ऑइल बदलून हवा काढणे, म्हणजे ब्लीडिंग, हाच या कामातील खरा अवघड टप्पा आहे, आणि चुकीचे सल्लेही याच टप्प्याबद्दल सर्वाधिक मिळतात. माझ्या सुरुवातीच्या एका ट्रॅक डेला चौथ्या फेरीत, लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, पेडल दोन तृतीयांश खाली गेले. दुसऱ्यांदा दाबल्यावर ब्रेक लागला आणि वळणाबाहेरच्या मोकळ्या जागेत गाडी थांबली. आदल्या संध्याकाळी मी स्वतः ब्लीडिंग केले होते आणि गॅरेजमध्ये पेडल दगडासारखे घट्ट होते. नंतर पुढच्या कॅलिपरचे निपल (ऑइल आणि हवा बाहेर सोडणारा छोटा स्क्रू) उघडले तेव्हा चहाच्या रंगाचे जुने ऑइल बाहेर आले. बुडबुडे थांबताच मी हात थांबवला होता. नवे ऑइल पाइपपर्यंत आले होते, पण सर्वाधिक तापणाऱ्या कॅलिपरमध्ये जुनेच राहिले होते. बुडबुडे थांबणे म्हणजे हवा गेली. ऑइल बदलले असे त्यातून सिद्ध होत नाही. बाहेर येणाऱ्या ऑइलचा रंग ब्रेक ऑइलच्या टाकीतील नव्या ऑइलसारखा होईपर्यंत प्रत्येक चाकाचे काम चालू ठेवावे, आणि नव्या-जुन्याचा रंग सारखाच असेल तर प्रत्येक कॅलिपरमधून किती ऑइल काढले ते बाटलीत मोजावे. मध्यम आकाराच्या गाडीसाठी मी पूर्ण एक लिटर बाजूला ठेवतो.

दुसरा वाईट सल्ला म्हणजे पेडल भराभर मारून मग दाबून धरणे. त्याने मोठा बुडबुडा फुटून बारीक बुडबुडे ऑइलभर पसरतात आणि मग ते निघता निघत नाहीत. पेडल सावकाश, एका लयीत दाबावे. पेडलाखाली लाकडाचा ठोकळा ठेवण्यास विसरू नये. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचा (पेडलाचा दाब ऑइलला देणाऱ्या सिलिंडरचा) जो भाग रोज वापरला जात नाही तेथे गंज आणि मळ साठलेला असतो, आणि पेडल पूर्ण तळाला नेल्यास त्यावर घासून आतील सील फाटू शकते.

चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवावा. सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करण्याचा जुना नियम अनेक गाड्यांना लागू पडतो, सर्वांना नाही. निपल रिंग पान्यानेच सैल करावे, कारण उघड्या तोंडाच्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात. निपलवर पारदर्शक नळी बसवून तिचे टोक बाटलीतील थोड्या ऑइलमध्ये बुडवावे. सोबत्याने पेडल दाबून "दाबले" म्हणावे, आपण निपल पाव ते अर्धा फेरा उघडावे, आणि पेडल ठोकळ्याला टेकण्याआधी ते बंद करून मगच "सोड" म्हणावे. या एका शब्दाची घाई झाली की नळीतून हवा परत आत जाते आणि तोवरचे श्रम वाया जातात. मधूनमधून कॅलिपरवर रबरी हातोडीने हलके ठोकावे, म्हणजे कोपऱ्यात चिकटलेले बुडबुडे सुटतात. कॅलिपरला आत आणि बाहेर अशी दोन निपले असतील तर दोन्ही उघडावीत. निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला नसेल, तर डावे-उजवे कॅलिपर अदलाबदल झाले आहेत का ते तपासावे, कारण खाली असलेल्या निपलमधून हवा कधीच पूर्ण निघत नाही.

दर सात-आठ वेळा पेडल दाबले की टाकी पाहावी. ती रिकामी होऊन एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली, तर अनेक गाड्यांत ती गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडल्याशिवाय निघत नाही. सांडलेले ऑइल रंग खाते, म्हणून ते लगेच पाण्याने धुवावे.

काम झाल्यावर इंजिन बंद असताना घट्ट लागणाऱ्या पेडलावर समाधान मानू नये. इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली जाऊन थांबले पाहिजे. मग पूर्ण ताकदीने एक मिनिट दाबून धरावे. ते हळूहळू खचत असेल तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेला आहे. सलग दुसऱ्यांदा दाबल्यावर पेडल पहिल्यापेक्षा वर लागत असेल तर बहुधा हवा राहिली आहे, आणि अशा वेळी पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात करण्याचा कंटाळा करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही निपले कोरडी आहेत का ते बोटाने पाहावे.

नवे पॅड बसवले असतील तर पॅड बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे, वाहतूक नसलेल्या जागी ब्रेक लावत, त्यांचा पृष्ठभाग डिस्कशी जुळवून घ्यावा. चाकांचे नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि पहिल्या सत्रानंतर चाके थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत.

चालकाने सीट इतकी पुढे घ्यावी की पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. पायाखालची मॅट आणि गाडीतील प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढावी, कारण ब्रेक लावताच पुढे घरंगळलेली पाण्याची बाटली पेडलाखाली अडकू शकते. हेल्मेट शक्यतो मोटार शर्यतींच्या मानकाचे घ्यावे. त्याचे अस्तर आगीला विरोध करणारे असते, मोटारसायकलच्या हेल्मेटला ती अट नसते.

ट्रॅकवर प्रत्येक लांब सरळ पट्ट्यावर, ब्रेकच्या जागेच्या बरेच आधी, डाव्या पायाने पेडलाला हलका स्पर्श करून त्याची उंची पाहावी. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड मर्यादेपलीकडे तापले आहेत. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळले आहे, आणि वाफ दाबली जाते म्हणून दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही वेळा सत्र तेथेच संपवावे. ब्रेक ऐन वेळी गेलाच, तर पेडल भराभर मारावे (ब्लीडिंगमध्ये वर्ज्य असलेली क्रिया येथे उपयोगी पडते), गिअर खाली आणावा आणि वळण घेण्याचा हट्ट सोडून गाडी सरळ मोकळ्या जागेत न्यावी.

सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, सावकाश पूर्ण करावी. गाडी उभी राहताच डिस्कवरून वाहणारी हवा थांबते, उष्णता कॅलिपरकडे सरकते, आणि फेरीत न उकळलेले ऑइल उभ्या गाडीत उकळू शकते. हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना अडण लावावी. पुढच्या सत्राला निघण्यापूर्वी पेडल पुन्हा दाबून पाहावे. ते सकाळपेक्षा मऊ लागले तर पुढच्या चाकांची हवा तेथेच काढावी, आणि त्यासाठी लागणारे ऑइल, नळी व रिंग पाना घरून बरोबर आणावा.