कोलंबी आणि चिंबोरी साफ करताना प्लास्टिक कुठे शोधायचं

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, घर रत्नागिरीत, त्यामुळे "बाई, कोलंबी खायची की नाही?" हा प्रश्न मला सारखा येतो. खा, पण नीट साफ करून. पाच मिलिमीटरहून बारीक प्लास्टिकचे कण या जिवांच्या पोटात आणि कल्ल्यांत साचतात. नायलॉनच्या जाळ्यांचे, आपल्या कपड्यांचे धागे त्यांत बरेच असतात. स्कॉटलंडच्या क्लाइड समुद्रातल्या नॉर्वे लॉब्स्टर या शेवंडांपैकी 83 टक्क्यांच्या पोटात प्लास्टिक सापडल्याचं 2011 साली प्रसिद्ध झालं.

कोलंबी आधी सालासकट दोनदा धुवा, मगच सोला. डोकं पिळून काढा, जठर तिथेच असतं. पाठीवर विळीने उथळ चीर द्या. काळा धागा दिसेल, ती तिची आतडी. दातकोरणीने मधोमध उचलून सावकाश ओढा; तुटला तर उरलेला भाग शोधून काढा आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली धरा. उत्तर समुद्रातल्या कोलंबीवरच्या 2015 च्या अभ्यासात 63 टक्के कोलंब्यांत कृत्रिम धागे मिळाले, सोललेल्या मांसात मात्र मिळाले नाहीत. म्हणून आतडीचा हा काळा धागा काढायचा कंटाळा अजिबात करू नका.

चिंबोरीला जास्त वेळ द्या. आधी फ्रीजरमध्ये ठेवून ती थंड, निपचित होऊ द्या. पोटाखालची त्रिकोणी झडप उपटा, पाठीचं कवच उचला. दोन्ही बाजूंना पिसांसारखे करडे कल्ले दिसतील. ते मुळापासून ओरबाडून काढा, एकही ठेवू नका. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या प्रयोगात (2014) खेकड्यांनी पाण्यातले कण थेट कल्ल्यांतून आत घेतले आणि ते 21 दिवसांपर्यंत टिकले, म्हणजे गिळलेल्यांपेक्षाही जास्त. मग डोळ्यांच्या मागे कवचाला चिकटलेली जठराची पिशवी चिमटीत धरून काढा. ती फुटली तर लगेच धुवा. पिवळट-हिरवा गाभा यकृताचं काम करतो. मुलं जेवणार असतील तर मी तोही टाकते. केशरी लाख, म्हणजे अंडी, ठेवते. नांगे आणि पाय निर्धास्त घ्या, त्यांत आतडी नाही. पायांचा रस काढून कालवणात घालायची आपली रीत चांगलीच आहे.

जवळ्याचं काय? तो अख्खाच खातो आपण, आतडी काढणार कशी? भाजल्यावर चोळून डोकी, मिशा पाखडून टाका, आणि नेहमीच्या जेवणाला जवळ्यापेक्षा सोडे घ्या, ते सोललेले असतात. सुकवणाऱ्या बायकांना एक विनंती: झिजलेली, धागे सुटलेली नायलॉनची जाळी खाली अंथरू नका.

प्लास्टिकच्या चिरा पडलेल्या पाटावर चिरलंत तर तिथूनच कण मांसात जातात, तेव्हा लाकडाचा पाट किंवा विळी बरी. काढलेल्या आतड्यांत रंगीत धागा दिसला, तर तापवलेल्या सुईचं टोक त्याला लावून पाहा. प्लास्टिक असेल तर तो आक्रसतो किंवा वितळतो. हे मुलांना जरूर दाखवा, सुई मात्र तुम्ही धरा.