प्रसंगसराव घेताना या चुका टाळा

ऑगस्ट 2024 मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीने 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी 35 फुटांच्याही वर गेले. बाहेरची मदत पोहोचेपर्यंत कोणाला आधी हलवायचे, हे गल्लीतल्या कार्यकर्त्यांनाच ठरवावे लागले. त्यानंतर तिथल्या दांडिया बाजारच्या आमच्या मंडळात मी मदत पथकांच्या प्रमुखांसाठी प्रसंगसराव, म्हणजे कल्पित संकट मांडून त्यात निर्णय घेण्याचा सराव, घेऊ लागलो. सतरंजीवर खडूने रस्ते आखायचे, निळ्या लोकरीची नदी करायची आणि काड्यापेट्यांच्या होड्या मांडायच्या, एवढेच साहित्य लागते.

सर्वांत घातक चूक म्हणजे सराव घेणाऱ्या संचालकाने ‘बरोबर उत्तर’ मनाशी ठरवून येणे. मग पथकप्रमुख परिस्थितीकडे पाहायचे सोडून संचालकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागतात आणि दोन-तीन सरावांतच निर्णय घेण्याऐवजी उत्तर ओळखण्यात तरबेज होतात. एका प्रसंगातून किमान दोन समर्थनीय वाटा निघत नसतील, तर तो प्रसंगच बदलावा.

दुसरी चूक वरवर निरुपद्रवी दिसते. एका सरावात आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, “तिकडे होडी पाठवायला हवी.” सर्वांनी माना डोलावल्या. मी विचारले, “काका, समोर तुमचे पथक उभे आहे. कोणाला, काय सांगता? त्याच शब्दांत सांगा.” ते थांबले. होडीत कोण बसणार, दोर कोणाकडे, (विश्वामित्रीत मगरी आहेत) मगर दिसली तर माघारी फिरायचे की नाही, यातले काहीच ठरले नव्हते. ‘हवे’ हे मत झाले. तोंडातून आज्ञा बाहेर पडेपर्यंत निर्णय झालेला नसतो. त्यामुळे प्रत्येक फेरी आज्ञेवरच संपवावी.

सारी माहिती सुरुवातीलाच देऊ नये. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यात 1824 मध्ये रुजलेल्या राइसविट्झ यांच्या युद्धखेळातही शत्रूच्या हालचाली पंचाकडेच असत, आणि खेळणाऱ्याला त्याच्या जागेवरून जेवढे दिसेल तेवढेच कळे. प्रत्येक फेरी 2 मिनिटांची धरलेली असे. आम्ही तीच रीत ठेवतो: नदीच्या वरच्या अंगाच्या आजवा धरणातून पाणी सोडल्याची बातमी तिसऱ्या मिनिटाला येते, आणि पाचव्या मिनिटाला येणारी एखादी बातमी मुद्दाम चुकीची असते.

प्रसंगाचे वर्णन अर्ध्या पानापेक्षा लांबवू नये, आणि भूकंप, आग, पूर एकाच सरावात कोंबू नयेत.

समीक्षेत मात्र घाई करू नये; माझ्या मते निम्मा वेळ तिलाच द्यावा. परिणाम वाईट निघाला म्हणून निर्णय वाईट ठरवणे, हा मोह मलाही आवरावा लागतो. “त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होते, आणि कशाची वाट पाहत होता?” हा प्रश्न आधी विचारावा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन अधिकाऱ्यांच्या अभ्यासात दाखवले आहे, की अनुभवी माणूस बहुधा पर्यायांची तुलना करत बसत नाही. तो परिस्थिती ओळखतो आणि सुचलेला पहिला उपाय मनात चालवून पाहतो. ती ओळख कोणत्या खुणेवरून पटली, हे सर्वांसमोर उलगडले की नवख्यालाही ती खूण दिसू लागते.

तरीही सराव मुका राहत असेल, तर वडीलधाऱ्यांनी आधी बोलल्यामुळे धाकटे गप्प बसले आहेत का, ते पाहावे. आमच्याकडे आता प्रत्येक जण आपली आज्ञा चिठ्ठीवर लिहितो, वाचन सर्वांत धाकट्यापासून सुरू होते, आणि अध्यक्षांची चिठ्ठी शेवटी उघडली जाते.