फिक्सी शिकायचीय? मग आधी पाय थांबवायची सवय सोडा

सिंगल स्पीड आणि फिक्सी, दोन्ही एकाच गिअरच्या सायकली, दिसायला सारख्याच, पण चालवताना जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सिंगल स्पीडला मागे फ्रीव्हील (मोकळं फिरू शकणारं दातचक्र) असतं त्यामुळे पॅडल मारायचं थांबलात तरी सायकल आपली पुढे जात राहते, फिक्सीत मागचा कॉग, म्हणजे मागचं दातचक्र, थेट हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) घट्ट बसलेला असतो, म्हणजे चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच, उतार असो नाहीतर वळण. बऱ्याच सायकलींना फ्लिप-फ्लॉप हब असतं, एका बाजूला फ्रीव्हील आणि दुसऱ्या बाजूला कॉग, चाक काढून उलटं बसवलं की झाली फिक्सी. तसं असेल तर सुरुवातीला फ्रीव्हीलच्या बाजूनेच चालवा, गिअर पायात बसू दे.

गिअर म्हणाल तर पुढे ४४ आणि मागे १७ दात, माझ्या मते नवीन माणसाला हेच बरं. मिनिटाला ९० वेळा पॅडल फिरवलं तर ताशी साधारण २९ किलोमीटर वेग मिळतो, पण उतारावर वेग ४० वर गेला की त्याच पायांना मिनिटाला १२० च्या वर फिरावं लागतं आणि तिथे सवय नसलेला माणूस सीटवर उडायला लागतो. म्हणून पुढचा ब्रेक लावाच लावा, यावर वाद नको. थांबताना सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं, त्यामुळे नुसत्या पायांनी मागचं चाक अडवून ब्रेकइतकं पटकन थांबता येतच नाही.

पहिल्यांदा मोकळ्या सपाट जागेत जा. पॅडल चुकीच्या जागी असेल तर पुढचा ब्रेक दाबून हँडलवर रेला, मागचं चाक जरासं उचललं जातं, तेवढ्यात पायाने पॅडल फिरवून थोडं वर आणि पुढे आणून ठेवा, आता त्यावर जोर देऊन निघता येतं. खरी अडचण थांबताना येते कारण डोकं सवयीने सांगतं पाय थांबव, आणि वर येणारं पॅडल पायाला असा धक्का देतं की तोल जातो. पाय ताठ करायचे नाहीत, फिरू द्यायचे, फक्त मागून वर येणाऱ्या पॅडलवर हळूहळू वजन टाकायचं, वेग आपोआप उतरतो. यासाठी टो-स्ट्रॅप, म्हणजे पाय पॅडलला धरून ठेवणारे पट्टे, हवेतच. वेगात पाय सुटलाच तर फिरतं पॅडल शोधत बसू नका, दोन्ही पाय बाजूला घ्या आणि ब्रेक लावा.

वळणावर आतलं पॅडल जमिनीला घासू शकतं, इथे पाय वर धरून ठेवायची सोयच नाही ना! वळणाआधीच वेग कमी करा आणि सायकल कमी, अंग जास्त झुकवा. १६५ मिलिमीटरचे, म्हणजे आखूड, क्रँक (पॅडलचे दांडे) असतील तर थोडी जास्त जागा मिळते.

चेनकडे मात्र नीट लक्ष द्या, सिंगल स्पीडवर चेन उतरली तर हात काळे होतात, फिक्सीवर उतरलेली चेन अडकून चाकच लॉक होऊ शकतं. दोन दातचक्रांच्या मधोमध बोटाने दाबून बघा, वरखाली मिळून सेंटीमीटरभर हलली पाहिजे, एकदम ताणली तर बेअरिंग खराब होतात. चेनरिंग (पुढचं दातचक्र) क्वचितच अगदी गोल असते म्हणून पॅडल पूर्ण फिरवून सगळ्यात घट्ट जागी तपासा. आणि कॉग नेहमी लॉकरिंगसकटच (कॉगला बाहेरून आवळून धरणारी कडी) बसवा, तिचे आटे उलटे असतात, त्यामुळे तुम्ही मागे जोर दिला तरी कॉग सुटत नाही. नुसत्या फ्रीव्हीलच्या हबवर कॉग आवळून काम भागवणारे लोक आहेत, तसलं अजिबात करू नका.

पुढे कधी स्किड मारायला, म्हणजे पायांनी मागचं चाक अडवून घसरवायला लागलात तर दातांचं गणित कामाला येतं. ४८ ला १६ असेल तर पॅडलच्या एका फेरीत चाकाच्या बरोबर तीन फेऱ्या होतात, म्हणून टायर दरवेळी एकाच ठिकाणी घासणार आणि लवकर फाटणार, ४४ ला १७ असेल तर तीच झीज १७ ठिकाणी वाटली जाते.

चेन पुसताना चाक स्टँडवर गरगर फिरवून फडकं कधीच लावू नका. फ्रीव्हील नसल्यामुळे फडकं ओढलं गेलं तरी चाक, चेन, कॉग सगळं फिरतच राहतं आणि बोट दातात जातं, अशी बोटं तुटलेली आहेत लोकांची. चाक पूर्ण थांबवा, समोरचा तुकडा पुसा, हात काढा, मग थोडं फिरवून पुढचा तुकडा घ्या.