घसा खाकरण्याआधी तोंड बघा

सतरा वर्षं पुण्यात बसवर कंडक्टर आहे. "पुढे सरका" ओरडून घसा बसला, असं घरच्यांनी आणि मीही धरूनच ठेवलं होतं. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. शेवटी कान-नाक-घसावाल्या बाईंनी लाकडी काडी गालाला आतून टेकवली तर ती तिथेच चिकटली. म्हणाल्या, "अहो, तोंडात लाळ कुठंय?"

लाळ दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर सुटते, झोपेत मात्र अगदी थोडी. घसा ओला राहतो, जंतूंना आवर बसतो, पोटातून वर आलेलं आम्ल सौम्य होतं, ते तिच्यामुळे. ती आटली की कफ चिकट होऊन घशाशी अडकतो. आपण खाकरतो, खाकरून घसा आणखी सोलतो, मग पुन्हा खाकरतो. माझी दोन वर्षं यातच गेली.

घरी बघायचं असेल तर एक मारी बिस्किट पाण्याशिवाय खा. घोट घेतल्याशिवाय खाली उतरेना, तर घशाच्या गोळ्या बाजूला ठेवा आणि रोजच्या औषधांची पिशवी उघडा. स्वारगेटच्या धुळीनं शिंका येतात म्हणून मी महिनोन्‌महिने रोज सेट्रिझिन घेत होते; तोंड कोरडं पडायला तीही कारण होती. बीपीच्या, झोपेच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही असं होतं. पण मनानं बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. दम्याचा स्टिरॉइडचा पंप असेल तर ओढल्यावर दर वेळी चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

आता पाणी. आम्ही बायका ड्यूटीवर पाणीच पीत नाही, कारण उघड आहे: धड स्वच्छतागृह कुठल्या टोकाला मिळेल याचा नेम नाही. तांब्याभर एकदम पिण्यापेक्षा दर चार-पाच थांब्यांनी एकच घोट घ्या, तोंडात घोळवा, मग गिळा. मला हे जमलं. मधे साखर नसलेलं च्युइंगगम चघळते. खडीसाखर दिवसभर तोंडात धरू नका, लाळ नसताना दात फार लवकर किडतात. सुपारी, तंबाखू, मिश्री तर नकोच. आमचे ड्रायव्हरकाका म्हणतात सुपारीनं तोंड ओलं राहतं. राहू दे त्यांचं!

नाक चोंदलं की रात्रभर तोंडानं श्वास चालतो. झोपताना मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब, पंख्याचा झोत तोंडावर नाही, जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर. रात्रपाळीला हे शेवटचं मला अजून जमत नाही.

डोळेही कोरडे, सांधेही दुखतात, असं असेल तर डॉक्टरांना नुसता घसा सांगू नका, तेही सांगा. साखर तपासून घ्या. आवाज तीन आठवडे बसलेला, गिळताना अडकणं, मानेत गाठ, थुंकीत रक्त, यांतलं काहीही दिसलं तर बिस्किट खाऊन बघत बसू नका. सरळ तपासायला जा.